बांडगूळ, परजीवी की परोपजीवी?

राजारामपुरी:
पाऊस उघडला की मुलांना राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात न्यायचंय. त्यासाठी एकपानी माहितीपत्रक लिहितोय. 'पॅरासाइट'ला शाळेच्या पुस्तकात 'परजीवी', विश्वकोशात 'जीवोपजीवी', आणि घरात झाडावर वाढलेलं काहीही म्हणजे 'बांडगूळ'. तेच लिहू का सगळ्याला? शिवाय ज्या झाडावर ते वाढतं त्याला 'यजमान' म्हणायचं? आमच्या आजीच्या तोंडी यजमान म्हणजे आजोबा!

गारगोटी:
सगळ्याला नको दादा. बांडगूळ ही वनस्पती आहे. आंब्याच्या फांदीवर जाड, चामड्यागत पानांचा वेगळाच झुपका दिसतो, नळीसारखी फुलं येतात, ते. त्याच्या फळाचा गर भलता चिकट. फुलटोच्या पक्षी फळ खातो, पण बी काही त्याच्या अंगावरून सुटत नाही, म्हणून तो बूड फांदीवर घासतो. बी तिथंच चिकटतं नि रुजतं. त्याचं शोषक मूळ साल फोडून लाकडात शिरतं, झाडाचं पाणी नि क्षार ओढतं. जोडावर गाठ धरते आणि पुढची फांदी हळूहळू वाळत जाते. तरी पानं हिरवी, अन्न स्वतः करतं, म्हणून ते अर्धपरजीवी. पुरता परजीवी दाखवायचा तर अमरवेल दाखवा. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता नुसता, पान नाही. आधार सापडला की जमिनीतलं मूळसुद्धा वाळून जातं.

आणि ऑर्किडला, म्हणजे आमरीला, बांडगूळ समजून लोक ओरबाडतात त्याचा मला राग येतो. सीतेची वेणी सालीला नुसती धरून असते, आत काही घुसवत नाही. पाऊस, धुकं, सालीवर साठलेला पालापाचोळा, यावर तिचं भागतं. तिला 'अपिवनस्पती' म्हणतात. शब्द बोजड आहे, पण चूक नाही.

कागल:
आमच्याकडं ज्वारीत टारफुला, तंबाखूत बंबाखू. दोन्ही पिकाच्या मुळांवर जगतात. टारफुला हिरवा तरी असतो, बंबाखूचा नुसता फुलांचा दांडा वर येतो. यांना बांडगूळ कुणी म्हणत नाही, कारण चोरी मातीखाली चालते. चंदनाचंही तेच बघा. त्याची मुळं शेजारच्या मुळांना चिकटून पाणी-क्षार घेतात, म्हणून रोपाजवळ तूर लावतात. पण चंदनाला बांडगूळ म्हणेल कोण? ती शिवी आपण पुढाऱ्यांच्या मागं फिरणाऱ्यांना राखून ठेवलीय.

राजारामपुरी:
मग नांदरूक? दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतो आणि शेवटी त्यालाच आवळतो की.

गारगोटी:
आवळतो, पण रस पीत नाही. मुळं खाली सोडून मातीतून स्वतःचं मिळवतो, उजेड आणि जागा मात्र बळकावतो. गुन्हा मोठाच, फक्त कलम वेगळं. 'परोपजीवी' चुकीचा नाही, पण तो ऐकला की ऐतखाऊ माणूसच डोळ्यांपुढं येतो. पत्रकात 'परजीवी' ठेवा. यजमानाच्या जागी 'पोशिंदा' लिहा, शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगायला लागणार नाही.

कागल:
पोशिंद्याला माझं मत. पण मग कोकिळा? कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात. तिथं रस नाही, कष्टच चोरायचे. हेही परजीवीच ना?

गारगोटी:
परजीवीच. कावळा पोशिंदा.

राजारामपुरी:
अहो, पत्रक एकपानी आहे! पक्षी पुढच्या सहलीला.