घरी २४ तास बॉइंक चालवायला कुठला प्रोसेसर घेऊ?

रात्रपाळी:
मंडळी, सल्ला हवाय. सेटी ॲट होमच्या (परग्रहावरचे संकेत शोधणारा प्रकल्प) काळापासून बॉइंक, म्हणजे घरचा कॉम्प्युटर वैज्ञानिक प्रकल्पांच्या आकडेमोडीला देणारं सॉफ्टवेअर, चालवतोय, २०२० च्या मार्चअखेर सेटीने काम वाटणं थांबवलं तेव्हा रोझेटा (प्रथिनांच्या रचना) आणि आइनस्टाइन (गुरुत्वीय लहरी, पल्सार) या प्रकल्पांवर आलो. आता ४ कोरचा जुना रायझन पुरत नाही, कामं परत पाठवायच्या डेडलाइन चुकायला लागल्यात. रायझन ९ ५९५०एक्स घ्यावा की सरळ ७९५०एक्स? दोन्ही १६ कोर, ३२ थ्रेड, म्हणजे एका वेळी ३२ टास्क. मशीन झोपायच्या खोलीला लागूनच आहे, त्यामुळे आवाज आणि वीज दोन्हीचा विचार आहे. गेमिंग अजिबात नाही.

जुना क्रंचर:
रोझेटा जास्त चालवणार असाल तर कोरच्या आधी रॅम बघा. मी ५९५०एक्स घेतला आणि रॅम जुनीच ठेवली, १६ जीबी, तर ३२ टास्क सुरू केल्यावर थोड्याच वेळात निम्म्या टास्कपुढे ‘मेमरीसाठी थांबलंय’ असं यायला लागलं, म्हणजे पैसे ३२ थ्रेडचे मोजले आणि कामाला निम्मेच. ६४ जीबी टाकली तेव्हा कुठे सगळे थ्रेड हलले. थ्रेडमागे दोन जीबी धरूनच चला.
प्राइमग्रिडचं (मूळ संख्या शोधणारा प्रकल्प) गणित वेगळं, तिथे कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी, महत्त्वाची. ५९५०एक्सची एल३ कॅशे ६४ एमबी दिसते पण ती ३२-३२ अशी दोन भागांत आहे, म्हणून ३२ सुट्या टास्क सोडण्यापेक्षा ८-८ कोरच्या दोन चालवा, डेटा कॅशेत मावला की फरक लगेच दिसतो.

वॉटमीटर:
मदरबोर्ड एएम४ (जुन्या रायझनचं सॉकेट) आहे ना? मग ७९५०एक्ससाठी बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, दोन्ही नवीन घ्यावं लागेल. शिवाय तो फुल लोडवर ९५ डिग्रीला जाऊन बसतो, बनवलाच तसा आहे, पण शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर पंखा ऐकू येणारच. कुठलाही घ्या, बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड लावा, तो प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणतो. वीज बरीच वाचते आणि कामातली घट त्या मानाने कमी. २४ तासांच्या मशीनवर १०० वॉट वाचले तर महिन्याला ७२ युनिट वाचतात, हे लहान नाही.

रात्रपाळी:
बोर्ड बी४५० आहे. चालेल?

जुना क्रंचर:
बायॉस अपडेट करून चालतो, पण तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट लिस्टमध्ये ५९५०एक्स आहे का ते आधी बघा. आणि कॅबिनेट उघडून सॉकेटच्या बाजूच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक आहे का तेही बघा, उघडा असेल तर २४ तासांचा लोड त्याच्यावर टाकू नका, गेमिंगवाल्यांचे रिव्ह्यू इथे उपयोगाचे नाहीत कारण गेम कधी दिवसरात्र सगळे कोर पिळत नाही.

रात्रपाळी:
बघितलं, लिस्टमध्ये आहे आणि हीटसिंकही आहे. मग ५९५०एक्स आणि ६४ जीबी नक्की. रात्री आवाज कमी करायला बॉइंकमधला सीपीयू टाइम ६० टक्के ठेवू का?

वॉटमीटर:
नको नको, त्याने बॉइंक सारखं चालू-बंद करत राहतं आणि पंखाही वरखाली होत राहतो. टाइम १०० टक्केच राहू द्या, रात्री वापरायचे सीपीयू (थ्रेड) कमी करा. आणि रोझेटाला मधेमधे काम नसतं, म्हणून आइनस्टाइनला रिसोर्स शेअर (कामातला वाटा) ० देऊन ठेवा, रोझेटाचं काम संपलं की तेवढ्यापुरतं तिथलं येईल.