अहिराणी फॅन फिल्म: स्टार ट्रेकच्या नियमांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, जळगावात स्टार ट्रेक या अमेरिकी विज्ञान-मालिकेवर अहिराणी फॅन फिल्म (चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म) करतोय. ‘अ‍ॅक्सनार’ या फॅन फिल्मवर दावा लागल्यावर स्टार ट्रेकच्या निर्मात्यांनी 2016 मध्ये आणलेले नियम वाचलेत: एक भाग 15 मिनिटं, दोन मिळून 30, सगळे बिनपगारी, वर्गणी 50,000 डॉलरच्या आत (इथे तेवढी देतंय कोण म्हणा!). नावात ‘स्टार ट्रेक’ चालत नाही.

अडचण गणवेशाची. बाजारातला तयार घेतला तर अधिकृतच हवा, नक्कल नको. मग शिंप्याकडून शिवून घेतलेला चालतो का? मला वाटतं चालावा, पण छातीवरच्या बिल्ल्याचं काय?

दुसरं, कमाई शून्य हवी. चॅनलवर मॉनेटायझेशन (जाहिरातींतून कमाई) बंद असूनही यूट्यूब स्वतःच जाहिराती लावतं. त्यावरून कुणाचा व्हिडिओ उतरवला गेलाय का?