रूट कॅनाल: पुन्हा पुन्हा बोलावतात ते कशासाठी

‘नस काढली की काम संपलं, पुढच्या फेऱ्या बिल वाढवायला’ हे मत ऐकलं, अर्धंच पटलं. नस जिवंत असेल तर बरेचदा एका बैठकीत उरकतं. पण पू झालेल्या दातात खरं काम धुण्याचं. फाईल (आतून खरवडायची बारीक सुई) दाताच्या मुळातल्या नळीच्या सगळ्या भिंतींना लागतच नाही, तिथे जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराईट पोचवावं लागतं. म्हणजे कपड्यांच्या ब्लीचमधलंच रसायन!

माझ्या दाढेच्या वेळी तोंडावर निळं रबर ताणलेलं, तरी स्विमिंग पूलचा वास नाकात. पुढच्या फेरीपर्यंत आत कॅल्शियम हायड्रॉक्साईडची जंतुनाशक पेस्ट भरून वर कच्चं, म्हणजे तात्पुरतं, सिमेंट लावलं. ते मी चौथ्या दिवशी चिक्की खाऊन पाडलं. लाळ आत गेली, धुणं परत पहिल्यापासून. ती फेरी मात्र वाया गेली.