लेहला निघताना सुती कपडे कमीच घ्या

कोल्हापूर ते लेह बाइकवरून जायला कुणीतरी चार जीन्स आणि सुती टी-शर्ट सुचवलेत, ते पटलं नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं. ५,३५९ मीटर उंचीवरच्या खारदुंगला खिंडीत ओलं बनियन अंगाला चिकटलं की हुडहुडी थांबत नाही. अंगालगत पॉलिस्टरचे पातळ कपडे घाला, दोन जोड पुरतात, रात्री धुतले की सकाळी वाळलेले असतात.

रायडिंग जॅकेटच्या आतल्या पावसाळी अस्तरावर विसंबू नका. बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्याने गारठा वाढतो. वरून घालायचा रेनसूटच घ्या, तोही बॅगेत सगळ्यात वर. हातमोजे दोन जोड.

आणि निघण्याआधी बाइकवर सगळं सामान लादून भर पावसात गगनबावड्याला जाऊन याच! गुडघ्याची पॅड जागची सरकतात का, तेही कळेल.