सेल बदलण्याआधी फरक मोजा
रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं की सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं दिसतं, असं एकाने विचारलंय आणि सगळ्यांनी सेल बदला म्हणून सांगितलंय. बदला, पण आधी फरक बघा. तारीखच काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरमधल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपलाय; वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळेल. (प्लग काढूनच हात घाला!)

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर मात्र सेल बिचारा निर्दोष आहे. टाइम झोन (कुठल्या देशाची वेळ दाखवायची ती सेटिंग) तपासा. विंडोजसोबत लिनक्स (दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलंय का? लिनक्स सहसा मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला लावलं की भांडण मिटतं.