गाणं आठात बसतच नाहीये, ग्रुप डान्स कसा बसवू?

सोसायटीतली_नाचरी:
गणपतीत आमच्या सहा जणींचा डान्स आहे आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गाणं संथ, भावगीत टाइप, चार मिनिटांचं. नेहमीसारखं एक ते आठ मोजून स्टेप्स बसवल्या तर सगळ्या गडबडतात, मधेच आपोआप जुळतं नि परत सुटतं! शिवाय दुसऱ्या कडव्यापासून तेच तेच वाटतं. तबला 'ती ती ना धी ना धी ना' असा काहीतरी वाजतोय.

रियाज_रोजचा:
अगं हा रूपक ताल आहे, सात मात्रांचा, म्हणजे सात ठोक्यांचा. आठाने मोजलंस की दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, एक मात्रा मागे पडणार आणि रूपकाची 8 आवर्तनं म्हणजे 56 मात्रा झाल्या की पुन्हा गाठ पडणार, म्हणून मधेच जुळल्यासारखं वाटतं. 3-2-2 मोज. त्यातून रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली असते, म्हणजे तिथे डग्गा (तबल्याचा जाड आवाजाचा जोडीदार) घुमत नाही, तो घुमतो चौथ्या मात्रेवर, नवख्या मुली हमखास त्यालाच 'एक' धरतात. आणि शेवट तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवून, करायचा असेल तर सोप्पं आहे, पाच मात्रांचा तुकडा समेवरून उचल, न थांबता तीनदा घे, पंधरावी मात्रा म्हणजे बरोब्बर तिसऱ्या आवर्तनाची सम.

ढोलकी_प्रेमी:
तिहाई कशाला मधेच, भावगीत आहे ते, कथकची परीक्षा नाही 😀 तेच तेच का वाटतं ते बघा आधी. गाणं कागदावर उतरवा, ध्रुवपद, कडवं, मधला म्युझिक पीस, परत ध्रुवपद. ध्रुवपद तीन-चारदा येणारच, तिथली स्टेप मुद्दाम तीच ठेवा, लोकांना ओळखीची होऊ दे, फक्त दर वेळी रचना बदला, एकदा गोल, एकदा तिरकी रांग. जागा बदलायच्या त्या म्युझिक पीसमध्येच, शब्द चालू असताना पळापळ नको. लावणीत बघा ना, ओळ गायली जाते तेव्हा अदा, आणि ओळ संपून ढोलकी सुटली की पाय. बैठकीच्या लावणीत तर बसल्या जागी एकच ओळ वेगवेगळ्या अदेने रंगवतात, तिथे कुणाला तेच तेच वाटतं?

सोसायटीतली_नाचरी:
चौथ्या मात्रेचं एकदम पटलं, आमच्यातल्या दोघी तिथूनच उचलतात!! पण कडव्यात सहाही जणींनी अभिनय केला तर खिचडी नाही होणार?

ढोलकी_प्रेमी:
होणारच. कडव्यात दोघींना पुढे घ्या, बाकीच्या चौघी मागे बसून फक्त हाताने ताल धरतील. दुसऱ्या कडव्याला जोडी बदला.

रियाज_रोजचा:
+1. आणि तालमीला मोबाइलचा स्पीकर नको, त्यात डग्गा ऐकूच येत नाही.