विषय: कुंडलिकेचं पाणी आणि गणपतीत उरलेले पैसे

प्रेषक: अंबडकर वहिनी (खजिनदार)
शनिवार, १० जानेवारी

सर्वांना नमस्कार, आणि तिळगुळाच्या आगाऊ शुभेच्छा.

आपल्या अटलांटाच्या मंडळाच्या गणपतीच्या हिशोबात यंदा पंधराशे डॉलर उरलेत. मराठवाड्यातल्या एखाद्या नदीच्या सफाईला ते द्यावेत असं परवाच्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. बेत असा : २६ जानेवारीला जालन्यात कुंडलिकेवर एक दिवसाची मोहीम. शंभर टी-शर्ट, मंडळाच्या नावाचा बॅनर, दिवसभरासाठी एक जेसीबी आणि सगळ्यांना पोहे-चहा. जालनेकर सुट्टीवर तिकडेच आहेत, त्यांनी नदी पाहून जेसीबीचा दर कळवावा. कुणाची हरकत असेल तर इथेच सांगा, नंतर व्हॉट्सॲपवर कुरकुर नको.

अंबडकर

—

प्रेषक: जालनेकर
मंगळवार, १३ जानेवारी

वहिनी,

जेसीबीचा दर विचारला नाही. का, ते जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

रविवारी सकाळी मामांना घेऊन आधी घाणेवाडीला गेलो. ज्यांचं जालन्याशी नातं नाही त्यांच्यासाठी सांगतो : गावाच्या वरच्या अंगाला कुंडलिकेवर निजामाच्या काळात बांधलेला हा तलाव. त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं जालन्यात येतं. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून यातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या ट्रॅक्टरनं वाहून नेऊन शेतात टाकला. हे काम लोकांनी केलंय, आणि चांगलं केलंय, तेव्हा मी सफाईच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

मामा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या त्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. मी अटलांटात आमच्या घरामागच्या ओढ्याचं पाणी दर महिन्याला तपासतो हे ऐकल्यापासून त्यांच्या अंगात आलंय. माझं तिकडचं किट काही विमानात आणता आलं नाही. मामांनी ओळखीच्या प्रयोगशाळेतून सगळं जमवलं.

प्रयोग जुनाच आहे, विंकलरचा. बाटली पाण्याखाली बुडवून अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि हळूहळू खाली बसतो. घाणेवाडीच्या बाटलीत तो चहाच्या गाळासारखा बसला. मामा बाटली उन्हात धरून बराच वेळ बघत होते. काठावर दगड उलटला तर खाली चतुराची पिल्लं, गोगलगायी.

मग गावात आलो. पुलाखाली, एक नाला नदीला मिळतो तिथे. बेशरमाच्या झुडपांत कॅरीबॅगा लटकलेल्या, गुटख्याच्या पुड्या, गणपतीचा एक लाकडी पाट. हे सगळं जेसीबीला उचलता येईल. मी गमबूट घालून उतरलो. वरून एकानं विचारलं, "काय हरवलं भाऊ? काय शोधू राहिले?" मी म्हटलं, ऑक्सिजन. तो हसला आणि थांबला. थोड्या वेळानं वर पाचसहा जण झाले.

दुसरी बाटली भरली, तीच दोन द्रावणं घातली. साका पांढरा. फाटलेल्या दुधासारखा पांढरा, आणि पांढराच राहिला. मामा काही बोलले नाहीत, वर उभ्या असलेल्यांना त्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी धरून दाखवल्या. "ही घाणेवाडीची, ही तुमच्या पायाखालची." त्या पाण्यात बहुतेक मासे जगूच शकत नाहीत. गाळात हात घातला तर लालभडक बारीक अळ्या निघाल्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तिथे तग धरतात.

आता मुद्दा. २६ तारखेला आपण कॅरीबॅगा उचलू, बेशरम काढू, फोटो काढू. २७ तारखेला नाला येतच राहील. तिसरी बाटली भरली तर साका पांढराच बसेल. नदी मरते ती डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यानं कमी, त्या नाल्यानं जास्त. मैल्यातलं सेंद्रिय खायला जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला सगळा ऑक्सिजन तेच संपवतात. प्लास्टिक उचलल्यानं त्यांचं जेवण कमी होत नाही.

अटलांटातलं सांगतो. जॉर्जिया राज्यात नव्वदच्या दशकापासून 'अ‍ॅडॉप्ट-अ-स्ट्रीम' नावाचा, लोकांनीच ओढ्यांचं पाणी तपासायचा उपक्रम आहे. प्रशिक्षण फुकट, पण परीक्षा द्यावी लागते आणि दरवर्षी पुन्हा. मी त्यातूनच शिकलो. ई-कोलायसाठी (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू) पातळ फिल्मची एक प्लेट असते, तिच्यावर एक मिलिलिटर पाणी टाकायचं, ३५ अंशावर २४ तास उबवायचं आणि निळे, बुडबुड्यासकट असलेले ठिपके मोजायचे. ठिपके गुणिले शंभर हा १०० मिलिलिटर पाण्यातला आकडा. अमेरिकेत पोहण्याच्या पाण्यासाठी अनेक नमुन्यांची सरासरी १२६ च्या आत असावी असा निकष आहे.

आमच्या ओढ्यात एका उन्हाळ्यात प्लेटा निळ्यानं भरायला लागल्या. पावसानंतर ठिपके वाढतात ते समजू शकतं, रस्त्यावरची कुत्र्यांची घाण वाहून येते. पण हे वाढत होते दहा-दहा दिवस पाऊस नसताना. कोरड्या दिवसांत आकडा चढला की समजायचं, कुठेतरी पाइप गळतोय. मग आम्ही चौघं ओढ्याच्या प्रत्येक वळणावर नमुना घेत वर चढत गेलो. एका ठिकाणी वरच्या बाजूला आकडा स्वच्छ, खालच्या बाजूला भयंकर. मध्ये झुडपांत मलवाहिनीचं झाकण, आणि त्याच्या कडेनं झिरपणारं पाणी. आधी मलवाहिनी सांभाळणाऱ्या खात्याकडून फोनवर "बघतो" एवढंच उत्तर मिळायचं. चार महिन्यांचे आकडे तारखांसकट पाठवले तेव्हा आठवड्याभरात माणसं आली.

मोठ्या नदीचंही तेच झालं. चॅटाहूचीसाठी झगडणाऱ्या संघटनेनं १९९५ मध्ये अटलांटा शहरावर दावा लावला, १९९८ मध्ये कोर्टासमोर समझोता झाला आणि शहराला सांडपाण्याची व्यवस्था दुरुस्त करावी लागली. कोर्टासमोर टी-शर्ट चालत नाहीत.

माझ्या रविवारच्या बाटल्यांचा आकडा मुद्दामच देत नाही. एका सकाळच्या आकड्याला काही किंमत नाही. पाच जागा, बारा महिने, तीच वेळ, तीच माणसं, एक जाड रजिस्टर. एवढंच मागतोय.

जालनेकर

ता. क. आरओ विकणारे टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, पेन बुडवून घाबरवतात, तो यासाठी आणू नका. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरीचं चांगलं पाणीही त्यात मोठा आकडा दाखवतं. मैला आहे की नाही हे त्या पेनाला कळत नाही.

—

प्रेषक: औसेकर
बुधवार, १४ जानेवारी

जालनेकर, पत्र चांगलं आहे, पण तू आता प्राध्यापकांच्या घरात बसून बोलायलास.

मी २०१६ ला लातुरात होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते पाहिलंय. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. स्टेशनबाहेर लोक जत्रेला जमावेत तसे. त्याच उन्हाळ्यात गावानं वर्गणी काढून मांजरा अठरा किलोमीटर रुंद-खोल केली. कुणी पगार दिला, कुणी दागिना. मोजत बसलो असतो तर काय झालं असतं?

माणूस आधी हात घालतो, मग त्याला कळतं. जो पोरगा एकदा कुंडलिकेतनं कॅरीबॅग काढेल तो परत टाकणार नाही. तुझ्या रजिस्टरनं ते होत नाही. बॅनर नको म्हणत असाल तर नको, पण पोहे राहू द्या.

औसेकर काका

—

प्रेषक: औरंगपुरेकर
बुधवार, १४ जानेवारी

काका, गाळ तलावातून काढणं वेगळं आणि नदीच्या पात्रात पोकलेन उतरवणं वेगळं. वाळू गेली, डोह गेले, काठची झाडं गेली की नदीचा कालवा होतो. मांजरेवर तेव्हा दुसरा इलाज नव्हता, ते मान्य. म्हणून प्रत्येक नदीत जेसीबी घालू नये. जास्त बोलत नाही, गेल्या दिवाळीत याच यादीवर आपलं वाजलंय.

माझं माहेर खामकाठचं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली ती याच नदीच्या काठी, पाणचक्कीही तिथेच. पण आम्ही शाळेत जाताना पुलावर ओढणी नाकाला लावून पळायचो. आम्हाला ती नदी आहे हेच ठाऊक नव्हतं, घरात सगळे "नाला" म्हणायचे. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी मंडळी मिळून तिच्यावर काम करताहेत. मागच्या वेळी आईला घेऊन काठावर बसले. वास पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण आई बसली. एका २६ जानेवारीत ते झालेलं नाही, आठवड्यामागून आठवडे माणसं येत राहिली.

जालनेकर, तुम्हाला दोन प्रश्न. एक, नाल्याच्या तोंडाशी तुम्ही शाळेची पोरं उतरवणार का? दवाखान्यांच्या सुया, काचा येतात त्यात. हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन याशिवाय कुणीही नको. दोन, तुम्ही फेब्रुवारीत परत याल. जुलैच्या चिखलात रजिस्टर घेऊन कोण जाणार? मामांचं वय काय?

औरंगपुरेकर

—

प्रेषक: जालनेकर
गुरुवार, १५ जानेवारी

ताई, मामा एक्क्याहत्तरचे. प्रश्न बरोबर आहे आणि तो मी टाळला होता.

पोरं पाण्यात उतरणार नाहीत. पुलावरून बादली दोरीनं सोडायची. बादलीत हवा मिसळते, त्यामुळे ऑक्सिजन थोडा जास्त दिसतो, पण दर वेळी तशीच बादली सोडली तर तुलना चालते. (मामांना हे मान्य नाही. ते बाटलीलाच दगड बांधून सोडायची जुगाडी करताहेत.)

माणसांबद्दल. इथल्या खेड्यांत पाण्याची तपासणी ही काही नवी गोष्ट नाही, हे मीच विसरलो होतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. जलजीवन मिशनमध्ये गावागणिक पाच बायकांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. मामांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेनं ते प्रशिक्षण घेतलंय. काल तिला बाटल्या दाखवल्या तर म्हणाली, "आमच्याकडं काळी होती ती बाटली असती ना, ती आणा. कळत्या ती सगळ्याला." एचटूएसची बाटली. पाणी भरून घरात ठेवायची, मैला असेल तर एकदोन दिवसांत काळी पडते. ई-कोलायचा आकडा मिळत नाही, पण पुलावरच्या माणसाला काळी बाटली दाखवली की व्याख्यान लागत नाही. ती तयार आहे. मात्र दर वेळचं जाण्यायेण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी तिला द्यायची, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. स्वयंसेवा आपण करू, आपल्याला पगार आहे.

अटलांटाचं कॅलेंडरही इथे जसंच्या तसं चालत नाही. तिकडे ओढा बारा महिने वाहतो. कुंडलिका संक्रांतीनंतर गावाच्या वर आटत जाते. उन्हाळ्यात गावात जे वाहताना दिसतं ते आपल्याच मोऱ्यांचं. म्हणजे पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत नदी मोजायची आणि पुढे नाले. कोणत्या नाल्याला किती पाणी, हे होळीनंतर सगळ्यात नीट कळतं.

काका, पोह्यांना माझा विरोध नाही.

जालनेकर

—

प्रेषक: अंबडकर वहिनी (खजिनदार)
रविवार, १८ जानेवारी

मंडळी, आता माझं ऐका, कारण तुम्ही सगळे नसलेले पैसे खर्च करताय.

आपल्या सीपीएशी बोलले, भारतातल्या एकाशीही बोलले. मंडळ ही परदेशी संस्था. तिचे पैसे भारतात घ्यायचे तर घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. जालनेकरांचे मामा, शाळा, मावशींची सून, कुणालाच मंडळ एक डॉलर पाठवू शकत नाही. खरं तर पोह्यांनाही नाही. हे आधी मीच बघायला हवं होतं.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलं तर ते परकीय योगदान धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झालेल्यांचं धरतात, ओसीआय कार्ड असलं तरी. म्हणजे मी देऊ शकत नाही, माझ्या सासूबाई देऊ शकतात. त्यांनी लगेच होकार दिला आणि दोन दिवस मला ते ऐकवताहेत.

तर माझा प्रस्ताव : भारतीय पासपोर्टवाल्यांनी जालनेकरांना वैयक्तिक कळवावं, रकमा यादीवर लिहू नयेत. मंडळाच्या पंधराशेतून इथल्या ओढ्यासाठी एक किट, बाकी शिल्लक. दर महिन्याला एक शनिवार मराठी शाळेची मुलं आणि पालक. तेच रजिस्टर, त्याच रकान्यांचं, म्हणजे जालन्याचं आणि आपलं शेजारी ठेवता येईल. टी-शर्टची ऑर्डर मी रद्द केली. आगाऊ भरलेले पैसे परत मिळायचे नाहीत, ते माझ्या खात्यावर घाला.

अंबडकर

—

प्रेषक: औसेकर
रविवार, १८ जानेवारी

वहिनी, तुमच्या खात्यावर कशाला, मी भरतो. आणि शनिवारी मी येतो, पण पाण्यात उतरणार नाही. गुडघे. पोहे करून आणीन.

—

प्रेषक: जालनेकर
सोमवार, २ फेब्रुवारी

परवा निघतोय. काल पहिली नोंद झाली. पाच जागा, सकाळी सात ते साडेनऊ. रजिस्टरवर मामा आणि मावशींची सून दोघांच्या सह्या. "वास" या रकान्यात काय लिहायचं यावर वाद झाला. मामांना शून्य ते पाच असे गुण हवे होते. तिनं चौथ्या जागेसमोर सरळ "मेलेलं जनावर" असं लिहिलं, आणि पुढच्या वळणावर खरोखरच डुक्कर निघालं. रकाना तिच्या पद्धतीनं ठेवलाय.

मार्चमध्ये कुणी तिकडून येणार असेल तर एक साधा थर्मामीटर आणा. मामांचा दगड बांधलेल्या बाटलीबरोबर पुलावरून गेला. बाटली मिळाली.

जालनेकर